डबा उठेपर्यंत

नाहूरच्या पश्चिमेला, चाळी संपून टॉवर सुरू होतात त्या वळणावर चंदर मेस्त्रीचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पूजेची आमंत्रणं, क्रिकेटच्या सामन्यांचे बॅनर, पोटासाठी तो सगळं करतो. पण त्याचं नाव झालं ते वेगळ्याच कामासाठी. आजूबाजूच्या चाळींत कुणी वारलं की दुसऱ्या दिवशी घरचं माणूस फोटो घेऊन चंदरकडे येतं. इतरांच्या श्रद्धांजलीच्या बोर्डांवर तेच ते असतं: प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांचे लाडके. जणू मुंबईत तापट आणि तुसडी माणसं मरतच नाहीत. चंदरच्या बोर्डावर फोटोखाली एकच ओळ असते आणि ती त्याच माणसाची असते. अण्णा परब गेले तेव्हा त्यांच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'चाळीतल्या प्रत्येक भांडणात मध्ये पडून मार खाणारे.' लोक ते वाचून आधी हसले, मग नाक पुसत घरी गेले.

ही विद्या चंदरला कुणी शिकवली नव्हती. वडील परळच्या गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर घर उचलून इथे आलेले. चंदरने घाटकोपरच्या एका क्लासमध्ये टायपिंग आणि डीटीपी केलं आणि सेकंडहँड कॉम्प्युटर घेऊन दुकान थाटलं. बोर्डांवरच्या त्या ओळी आल्या त्या कॉम्प्युटरच्या आळशीपणातून.

त्याला सगळे डबाच म्हणायचे. बटण दाबलं की आधी आतला पंखा घरघरायचा, मग काळ्या पडद्यावर पांढरे आकडे चढायला लागायचे. हा रोज सकाळी स्वतःची मेमरी मोजून बघतो, रात्रीत कुणी ढापली तर नाही ना म्हणून, असं चंदर सांगायचा. आकडे संपले की एक शीळ, मग आत कुठेतरी कुरकुर, मग एकदाचा रंगीत पडदा. तो आला म्हणून हात लावायला जावं तर माऊसचा बाण जागचा हलत नसे. त्यानंतर मराठी फॉन्टचा प्रोग्राम उघडायचा, तोही तसाच जड अंगाचा. एवढ्यात समोरच्या माणिकच्या टपरीवरून चहा यायचा, पिऊन व्हायचा आणि रिकामे ग्लास परत जायचे. मधे लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

"उठला का रे डबा?" गिऱ्हाईक विचारायचं.

"उठतोय. बसा जरा."

मग ते बसायचं. हातात फोटो, डोळ्यांत जागरण, आणि करायला काहीच नाही. नाव, तारीख, शोकाकुलमध्ये कोण कोण, हे सांगून झालं की थोडा वेळ नुसताच जायचा. आणि मग आपोआप बोलणं सुरू व्हायचं. चंदरने कधी कुणाला काही विचारलं नाही. तो पडद्याकडे तोंड करून बसलेला, गिऱ्हाइकाकडे अर्धी पाठ, त्यामुळे माणसाला भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. आई भाताची खरवड स्वतःला ठेवून घ्यायची आणि मला तीच आवडते म्हणायची. भाऊ उधार घेतलेली छत्री कधी परत करायचा नाही, पण आपली मात्र भर पावसात कुणालाही देऊन मोकळा व्हायचा. डबा उठेपर्यंत चंदरच्या हाती ओळ आलेली असायची.

काही माणसं बोलायचीच नाहीत. फोटो पालथा मांडीवर ठेवून बाहेर बघत राहायची. चंदरला तेही समजायचं. अशा बोर्डावर तो नाव आणि तारीख टाकायचा, ओळ टाकायचा नाही, आणि घरचेही का नाही टाकली असं विचारायचे नाहीत. कुणाबद्दल गप्प बसावं हे कळणं सोपं नसतं, आणि ते त्याला नुसतं बसून राहिल्यामुळे कळत होतं.

डब्याचा आणखी एक गुण होता. संध्याकाळी बंद केला की दिवसभरातली सगळी माणसं त्याच्या पोटात जाऊन पडायची. सकाळी पडदा कोरा. कालच्या घरातलं काही आजच्या घरात यायचं नाही.

डबा गेला. दुसरा आला तो अर्ध्या चहात उठायचा, त्यानंतरचा चहा सांगेपर्यंत. तरी चंदरने कसंबसं निभावून नेलं. मग गेल्या वर्षी श्रुतिकाने, त्याच्या मुलीने, नवा कोरा कॉम्प्युटर आणून बसवला. ती मालाडला एका कंपनीत आहे. बापाने त्या खटाऱ्यापुढे हात जोडून बसलेलं तिला बघवत नव्हतं.

"बाबा, हा बंद करायचाच नाही. नुसता झोपवायचा. सकाळी एक बटण दाबा, जिथे सोडलात तिथूनच चालू."

"म्हणजे कालचं काम तसंच समोर?"

"तसंच्या तसं. झकास ना?"

झकास म्हणावंच लागलं. पोरीने हौसेने घेतला होता. पण पहिल्याच सकाळी बटण दाबलं आणि आदल्या दिवशीच्या म्हातारीचा चेहरा एका झटक्यात समोर येऊन उभा राहिला, तेव्हा चंदर दचकला. हिचं सुतक अजून फिटलंच नाही असं त्याला वाटलं. संध्याकाळी फाईल बंद करायला हवी हे त्याला कळत होतं. पण जे काम इतकी वर्षं डबा आपणहून करत होता, ते या वयात हाताला कोण शिकवणार? चार दिवस आठवायचं, पाचव्या दिवशी राहायचं.

गिऱ्हाइकं बसेनाशी झाली. खुर्ची ओढेपर्यंत पडदा लख्ख, चंदरची बोटं कीबोर्डवर, मग माणूस उभ्या उभ्याच नाव सांगून मोकळं व्हायचं. "थांबा, उठतोय," असं त्याने एकदा जुन्या सवयीने म्हटलं तर समोरची बाई म्हणाली, "काका, चालूच आहे की." तोंडाने विचारून बघितलं, तुमच्या वडिलांबद्दल काही सांगायचंय का म्हणून. विचारलं की लोक सावरून बसायचे आणि सांगायचे, प्रेमळ, मनमिळाऊ. चंदरच्या बोर्डांवरच्या ओळी आटत चालल्या. वाईट त्याला वाटायचं, पण सांगणार कुणाला? कॉम्प्युटर फार पटकन चालू होतो ही काय तक्रार झाली!

अशात गुणाजी साटम वारले. मुलगा नितेश फोटो घेऊन आला तेव्हा गल्लीतली लाईट गेली होती. नाईलाजाने तो बसला, आणि लाईट येईपर्यंत बोलला. गिरणी सुटल्यावर गुणाजी मुलुंडला एका टॉवरवर रात्रीचे वॉचमन होते. घर पहिल्या मजल्यावर, एका खोलीत सगळी भावंडं ओळीने झोपलेली, जिना लाकडी. पहाटे ड्युटीवरून आले की ते जिन्याखालीच चपला काढून हातात घ्यायचे आणि अनवाणी वर यायचे.

"आम्हाला कधी कळलंच नाही काका, बाबा कधी यायचे ते," नितेश म्हणाला. "आम्ही उठायचो तेव्हा ते आलेले असायचे, बस."

कितीतरी महिन्यांनी चंदरला मनासारखी ओळ मिळाली. 'मुलांची झोप मोडू नये म्हणून जिन्याखालीच चपला हातात घेणारे.' बोर्ड साटमांच्या चाळीच्या गेटवर लागला. चंदर स्वतः जाऊन बघून आला आणि त्या आनंदात संध्याकाळी कॉम्प्युटर झोपवून, फाईल तशीच ठेवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच नाल्याच्या पलीकडच्या चाळीतली नमिता घाडी आली. नवरा प्रज्योत आदल्या दिवशी वारला होता. दीर बाहेर बाईक चालू ठेवूनच थांबला होता आणि हॉर्न वाजवत होता. नमिताने फोनमधला फोटो दिला, नाव-तारीख सांगितली, आणि "लगेच होईल ना काका?" एवढंच विचारलं. लगेच झालं. बटण दाबलं, साटमांचा बोर्ड समोर उभा. माप तेच, किनार तीच. चंदरने फोटो बदलला, नाव बदललं, तारखा बदलल्या, खालचे शोकाकुल बदलले. तेवढ्यात फ्लेक्स छापणाऱ्याचा फोन आला, मशीन सुरू करतोय, असेल ते आत्ता पाठव. चंदरने पाठवलं. ती बाई एक शब्द जास्त बोलली नव्हती. जुना डबा असता तर तिच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला चहा संपायच्या आत कळला असता.

संध्याकाळी दिराने फ्लेक्स परस्पर नेऊन बांधला. चंदरला कळलं ते पुढच्या दिवशी सकाळी, माणिककडून.

"चंदरभाऊ, काय मारलीस यार! सगळी गल्ली हसतेय."

"काय मारली?"

माणिकने फोन पुढे केला. प्रज्योत घाडीचा फोटो आणि खाली ओळ, 'मुलांची झोप मोडू नये म्हणून जिन्याखालीच चपला हातात घेणारे.' 

प्रज्योत पिऊन यायचा. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून शिव्या सुरू, मग दाराला लाथ. आत नमिता आणि दोन मुली आधीच जाग्या होऊन भिंतीला टेकून उभ्या असायच्या. हे चाळीला माहीत होतं आणि चाळ कूस बदलून झोपायची. चंदर नाल्याच्या दुसऱ्या बाजूचा, त्याच्या कानावर काही आलेलं नव्हतं. गल्लीच्या ग्रुपवर त्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'घ्यायचा ना चपला हातात! बायकोला हाणायला.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. ओळ चंदरची होती, म्हणून हा टोमणा त्यानेच मारला असं सगळ्यांनी धरलं होतं आणि वर शाबासकीही देत होते.

चंदर पक्कड घेऊन घाडींच्या चाळीकडे जवळजवळ पळतच गेला. गेटवर नमिता भेटली. तिने त्याला बघितलं आणि तिचा चेहरा कसनुसा झाला.

"काका, मी तुमचं काय वाकडं केलं होतं हो?"

"पोरी, चूक झाली. आदल्या दिवशीची फाईल उघडी राहिली. तो कॉम्प्युटर बंदच होत नाही, जिथे सोडला तिथूनच..." आपलं आपल्यालाच ते खोटं वाटायला लागलं.

नमिताने विचारलं, "म्हणजे ही ओळ दुसऱ्या कुणाची आहे?"

"हो. नाल्यापलीकडचे साटम."

"असा माणूस खरंच होता?"

"होता."

ती बोर्डाकडे बघत राहिली. चंदरने तारेला पक्कड लावली तशी तिने त्याचा हात धरला.

"नका काढू. सासूबाई आल्यात गावाहून. काल इथे उतरल्या तेव्हा कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं. तोवर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं त्यांनी. ते ऐकलं आणि मग दोन घास खाल्ले. मला म्हणतात, माझो झील वाया गेलो म्हणून सगळी खोटा सांगी होती. बघ, हय लिवलाहा." नमिता हे सांगताना रडली नाही. "दहाव्यापर्यंत राहू द्या. मग त्या जातील गावी."

"आणि लोक तुला हसतायत ते?"

"तो होता तेव्हाही हसतच होते, काका."

चंदर तसाच परत आला. दुकानात बसला पण काम सुचेना. आयुष्यभर एकही खोटी ओळ लावली नाही याचा त्याला मनातल्या मनात मोठा गर्व होता. आता ती लागली होती आणि काढताही येत नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि त्या म्हातारीला खरं कळेल याची भीती.

दुपारी नितेश साटम आला. त्याच्या फोनवर दोन्ही बोर्ड शेजारी शेजारी होते. कुणीतरी मुद्दाम जोडून गल्लीच्या ग्रुपवर टाकले होते.

"काका, माझा बाप काय कॉपी-पेस्ट आहे? मी इथे बसून तुम्हाला आमच्या घरातली गोष्ट सांगितली. आणि तुम्ही ती त्या बेवड्याला लावलीत? लोक आता बाबांच्या बोर्डाकडे बघून पण हसतायत."

चंदरने हात जोडले. म्हातारीचं सांगायला तोंड उघडलं, पण नितेश ऐकायला थांबला नाही. तो बोर्ड फाडायलाच निघाला होता. चंदर मागून धावला.

घाडींच्या गेटशी नमिताच्या सासूबाई, सगुणाबाई, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, बोर्डाच्या अगदी समोर. नऊवारी, पायांत काही नाही, मांडीवर दोन्ही हात. नितेशने वर हात घालून दोरी पकडली. म्हातारीने मान वर केली.

"बाबू, तुका वाचूक येता?"

नितेशचा हात वरच राहिला. "येतं."

"मगे वाच मरे एकदा. माका वाचूक येणा नाय. सकाळपासून कोण गावलो नाय."

नितेश वळून चंदरकडे बघायला लागला. चंदरला वाटलं, आता हा खरं काय ते सांगणार. त्याला अडवायचा आपल्याला काय अधिकार? नितेशने दोरी सोडली. आधी नाव वाचलं, मग तारीख वाचली. मग ओळ वाचायला लागला. "मुलांची झोप मोडू नये म्हणून..." खाली बघून त्याने पुढचं पूर्ण केलं, बोर्डाकडे न बघता, कारण ते त्याला पाठच होतं.

"असोच होतो," सगुणाबाई म्हणाल्या. "ल्हान असताना बापूस निजलेलो असलो काय पायाचो आवाज करूचो नाय." मग त्यांचं लक्ष नितेशच्या तोंडाकडे गेलं. "तू कित्या रडतस? वळखत होतस तू त्येका?"

"हो, आजी."

"बरो होतो मा?"

"खूप चांगले होते," नितेश म्हणाला.

म्हातारीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

परत येताना दोघंही नाल्यावरच्या पुलापर्यंत आले. पुलावर नितेश थांबला.

"दोन्हीकडे ती ओळ राहिली तर कोणीतरी जाऊन तिला सांगणार, काका. ही माणसं सोडायची नाहीत."

"मग काय करू?"

"बाबांचा काढा."

"नितेश, अरे ती त्यांची ओळ आहे. त्यांनी ती..."

"कुणाची आहे ते मला माहितीय ना." तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. "पक्कड आहे तुमच्याकडे. तुम्हीच काढा, मला नाही जमणार."

चंदर एकटाच साटमांच्या चाळीशी गेला. गुणाजींच्या फोटोला घातलेला हार अजून ताजा होता. तो त्याने उतरवून गेटच्या कठड्यावर ठेवला आणि एकेक तार कापायला घेतली. तळमजल्यावरचा एक माणूस बनियनवर बाहेर येऊन बघत उभा राहिला.

"हाच ना तो, दुसऱ्याचा ढापलेला?" त्याने विचारलं. "बरं झालं काढताय ते. उगाच त्या घाडीची ओळ आणून साटमांना चिकटवली."

"होय," चंदर म्हणाला, आणि त्याने फ्लेक्स गुंडाळायला घेतला.